ट्रिम टॅबच्या हॉर्नमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे: बुश बसवू की हॉर्नच बदलू?

मंडळी, मदत हवी आहे. बडोद्यात एका जुन्या, घरी बांधलेल्या आरव्ही-६ विमानाची दुरुस्ती चालू आहे. डाव्या एलेव्हेटरवरचा (शेपटीचा वर-खाली हलणारा आडवा भाग) ट्रिम टॅब, म्हणजे त्याच्या मागच्या कडेची छोटी पट्टी, परत बसवताना अडलोय. ट्रिम हातानं चालवायचा आहे, पुश-पुल केबलवर. इलेक्ट्रिक सर्वो नको आहे.

कॉकपिटमधून ट्रिम लॉक करून टॅबची मागची कड बोटांत धरली, तर ती सुमारे ३ मिमी वर-खाली हलते. पियानो हिंज आणि तिची पिन नवी आहे, तिथे प्ले नाही. केबलची बाहेरची नळीही दोन्ही टोकांना घट्ट आहे. क्लेव्हिस पिन (केबल हॉर्नला, म्हणजे टॅबवरच्या छोट्या दांड्याला, जोडणारी) बदलली तरी फरक नाही, कारण हॉर्नचं भोकच लांबट झालंय. भिंगातून बघितलं तर एका बाजूला चकचकीत घासलेली कड आणि काळी भुकटी दिसते. टॅबमधला असा प्ले म्हणजे फ्लटरला (उडताना होणाऱ्या धोकादायक थरथरीला) आमंत्रण, म्हणून ‘तेवढं चालतं’ हे उत्तर कृपया नको.

मकरपुरा जीआयडीसीतला लेथवाला भोक रीम करून (नेमक्या मापाला मोठं करून) कॉलरचा बुश (धातूची छोटी नळी) बसवून देईल. पण बुशचं पितळ अ‍ॅल्युमिनियमला लागून राहिलं तर इथल्या पावसाळ्यात गंज धरेल, ही भीती आहे. हॉर्न बदलायचा तर रिवेट ड्रिल करून काढावे लागतील आणि टॅबचा पत्रा फार पातळ आहे. रंग अजून बाकी आहे, एलेव्हेटरचं बॅलन्सिंग त्यानंतरच करणार, त्यामुळे थोडं वजन वाढलं तर अडचण नाही.

ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी सांगावं: इथे बुश चालतो का? चालत असेल तर कुठल्या धातूचा, आणि रीम केल्यावर भोकाभोवती किमान किती पत्रा उरायला हवा?