बेळगावात राहतो म्हणून बेळगावचेच शेअर घ्यावेत का? की ईटीएफ घेऊन गप्प बसावं?

तिसरं_गेट
सोसायटीतली ठेव सुटली, तीन लाख आलेत. पुढं पगारातून महिन्याला दहा हजार बाजूला पडतील. ठेव परत ठेवायची नाही एवढं घरात ठरलंय. धाकटा भाऊ म्हणतो, निफ्टीबीज घे आणि विसरून जा. निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, निफ्टीबीज त्याचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड. मला पटत नाही. माझं मत मांडतो, हाणायचं त्यानं हाणावं: ज्याला कुठल्याच धंद्यातलं काही कळत नाही त्यानं ईटीएफ घ्यावा. मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, घरचा ऊस आहे. पन्नास कंपन्यांची खिचडी मी कशाला खाऊ? डोळ्यांसमोर आहेत त्या चार-पाच घ्यायच्या: रेणुका शुगर्स, हिंदाल्को, हत्तरगीची एक्वस, निपाणीमुळं आयटीसी. कारखाना रोज दिसतोय तर टीव्हीवरच्या माणसाचं कशाला ऐकायचं?

खानापूरकर
ऊस घरचा म्हणतोस तर रेणुकापासूनच धरू. २००९-१० मध्ये कंपनीनं ब्राझीलमधले साखर कारखाने घेतले. तेव्हा शेअर शंभराच्या वर होता. पुढं ब्राझीलचं कर्ज अंगावर आलं, २०१८ मध्ये सिंगापूरची विल्मार मुख्य प्रवर्तक झाली आणि दशक संपता संपता भाव दहाच्या खाली. रेणुकाच्या मुनवळ्ळी कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरच्या रांगा मोजून यातलं काय कळणार होतं सांग. रांगा तर तेव्हाही लांबच होत्या.

आणि साखरेचा धंदा कारखान्यात कमी, दिल्लीत जास्त चालतो. एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान भाव, केंद्र ठरवतं. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला आणि वर्षानुवर्षं तिथंच ठेवला, एफआरपी मात्र जवळपास दर हंगामाला वाढली. डिसेंबर २०२३ मध्ये, गाळप भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. त्या दिवशी साखरेचे सगळे शेअर आपटले. बंदी उठली ऑगस्ट २०२४ मध्ये. ऊस पिकवणाऱ्याला हे एक दिवस तरी आधी कळलं होतं का?

तिसरं_गेट
बरं, साखर सोडा. हिंदाल्को? इथला कारखाना इंडालचा होता तेव्हापासून बघतोय. चांगली कंपनी आहे की नाही?

गोवावेस_हिशेबनीस
चांगली आहे की. पण तू बघतोयस ते बेळगावचं अल्युमिना, अल्युमिनियमचा कच्चा माल. कंपनीची निम्म्याहून जास्त विक्री नोव्हेलिसची, जी तिनं २००७ मध्ये अमेरिकेत घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये नोव्हेलिसच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्विगो कारखान्याला आग लागली आणि गुंतवणूकदार त्याचा हिशेब करत बसले. इथल्या धुराड्यातून धूर येतोय का नाही याची चौकशी कुणी केली नाही.

एक्वसचंही तेच. डिसेंबर २०२५ मध्ये आयपीओ (पहिली जाहीर शेअरविक्री) आला, आपल्या जिल्ह्याची म्हणून सगळीकडं कौतुक. विमानाचे भाग करणारी कंपनी इथं आहे याचा मलाही आनंद आहे. पण आयपीओच्या वेळी ती तोट्यात होती, आणि हे प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, सरळ लिहिलेलं होतं. किती जणांनी ते पान उघडलं?

निपाणी_वखार
आयटीसी निपाणीतून ‘दिसते’ म्हणणाऱ्याला साष्टांग नमस्कार. आमच्या वखारीत असतो तो बिडीचा तंबाखू. सिगारेटचा वेगळा, तो आंध्रात आणि म्हैसूरकडं. उद्या सिगारेटवरचा कर वाढणार हे आम्हाला तुमच्यासारखंच दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं.

शहापूरची_काकू
बँकेतून निवृत्त आहे, शेअर कागदी होते तेव्हापासून घेते. या पोराची यादी चुकीची आहे, मान्य. म्हणून ईटीएफवाल्यांनी एवढी छाती फुगवायचं कारण नाही.

‘घ्या आणि विसरा’ म्हणता ना? जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३०० च्या आसपास होता. २०१३ सरलं तेव्हाही तिथंच. सहा वर्षं! तेवढ्यात सोसायटीतली ठेव दीडपट झाली असती. मार्च २०२० मध्ये १२,४०० वरून दोन महिन्यांत ७,६०० वर आला होता, तेव्हा हेच विसरणारे लोक मला फोन करून विकू का विचारत होते.

दुसरं, पन्नास कंपन्या म्हणता पण वजन बघा. निफ्टीत एक तृतीयांशाहून जास्त पैसा बँका आणि वित्त कंपन्यांत आहे. येस बँक निर्देशांकात आली मार्च २०१५ मध्ये, नाव झाल्यावर. बाहेर गेली मार्च २०२०, रिझर्व्ह बँकेनं खातेदारांना पन्नास हजारांची मर्यादा घातली तेव्हा. महाग घेतलं, मातीमोल विकलं. मी असं केलं असतं तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं, निर्देशांकानं केलं की ते शास्त्र?

आणि आमच्यासारख्यांना वर्षाला लाभांश हातात पडलेला बरा वाटतो. बहुतेक निर्देशांकवाले ईटीएफ तो वाटत नाहीत, आतच फिरवतात.

गोवावेस_हिशेबनीस
काकू, येस बँकेचा मुद्दा अर्धा सांगितलात. निर्देशांकात वजन बाजारमूल्यावर ठरतं. भाव ४०० वरून कोसळत गेला तसं तिचं वजन आपोआप घटत गेलं, काढायची वेळ आली तेव्हा ते नगण्य होतं. वैयक्तिक गुंतवणूकदार नेमकं उलटं करतो. पडला की अजून घेतो, सरासरी खाली आणायची म्हणून. तो २०० ला घेतो, १०० ला घेतो, ५० ला तर गाडी विकून घेतो.

२००८ ते २०१३ मध्ये तुम्ही लाभांश धरला नाहीत. आणि ते गणित ज्यानं सगळी रक्कम शिखरावर एकदम टाकली त्याचं आहे. याचे महिन्याला दहा हजार जाणार आहेत, पडत्या बाजारातही.

हातात पडणाऱ्या लाभांशावर एप्रिल २०२० पासून तुमच्या स्लॅबनं कर लागतो, हेही तुम्हाला माहीत आहे.

शहापूरची_काकू
माझा स्लॅब लागण्याइतकं उत्पन्न नाही रे बाळा.

वडगाव_मागवाला
काय एवढं अवघड बोलूलालाय तुम्ही सगळे. मला एवढंच सांगा की. माझं डिमॅट, शेअर ठेवायचं खातं, न्हाई, मागाचं काम, महिन्याला दोन-अडीच हजार कसंबसं सुटतंय. मी काय घ्यायचं? गल्लीतला एक पोरगा ऑप्शनमध्ये रोज हजार मिळतात म्हणून सांगूलालाय, ते खरं काय?

गोवावेस_हिशेबनीस
दादा, ऑप्शनच्या, म्हणजे पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांच्या, वाटेला जाऊ नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनंच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० वैयक्तिक लोकांतले ९३ तोट्यात. तो पोरगा नफ्याचे दिवस सांगतो, बाकीचे दिवस घरी सांगत नसणार.

रात्रपाळी
मागवाले दादा, तुम्हाला ईटीएफ नको, साधा निफ्टी इंडेक्स फंड बघा. डिमॅट लागत नाही, एसआयपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम) होते, दिवसअखेरच्या एनएव्हीनं, म्हणजे एका युनिटच्या किमतीनं, युनिट मिळतात. ईटीएफपेक्षा खर्चाचं प्रमाण थोडं जास्त, पण अडीच हजारांवर तो फरक वर्षाला चहाच्या पैशाइतका.

तिसऱ्या गेटवाल्या भावाच्या भावासाठी मात्र लिहितो, कारण ‘ईटीएफ घे’ म्हणणारे ‘कितीला घे’ हे सांगत नाहीत. सगळी भांडणं शेअर की ईटीएफ यावर, आणि पैसे जातात ते ऑर्डर टाकताना.

ईटीएफला दोन किमती असतात. एक, आतल्या शेअरांची खरी किंमत, बाजार चालू असताना ती आयएनएव्ही म्हणून दिसत राहते. दुसरी, समोरचा विकणारा मागतोय ती. पंचवीस कोटींच्या खाली फंड हाऊस आपल्याला थेट युनिट देत नाही, आपल्याला बाजारातूनच घ्यावं लागतं. निफ्टीबीजसारख्या जुन्या ईटीएफमध्ये, तो २००१ सालचा, देशातला पहिला, रोज एवढी उलाढाल असते की दोन किमतींत काही पैशांचाच फरक राहतो. पण एखादा थीमवाला (एकाच क्षेत्राचा) ईटीएफ उघडा आणि खालची घेणारे-विकणारे दाखवणारी पाच-पाच ओळींची खिडकी बघा. समजा आयएनएव्ही १०० आहे, घेणारे ९९ ला उभे आहेत आणि विकणारा १०३ मागतोय, तोही चाळीस युनिट. तिथं तुम्ही सकाळी सव्वानऊला मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाकली की तीन टक्के पहिल्या मिनिटाला गेले. खर्च ०.०५ टक्के आहे म्हणून खूश होण्यात काय अर्थ? लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) टाकायची, पहिली पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची.

परदेशी आणि चांदीच्या ईटीएफमध्ये तर अजून मजा. परदेशी गुंतवणुकीवर म्युच्युअल फंडांना मर्यादा आहे, ती भरली की नवी युनिट तयार होत नाहीत, मग नॅस्डॅकचा (अमेरिकी शेअर बाजाराचा) ईटीएफ आतल्या मालापेक्षा बराच महाग विकला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या तोंडावर चांदीची टंचाई झाली, तेव्हा चांदीचे ईटीएफ एवढ्या प्रीमियमवर (आतल्या किमतीच्या वर) गेले की काही फंड हाऊसनी आपल्या चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये (ईटीएफमध्येच पैसे घालणाऱ्या फंडात) एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. फंड हाऊस स्वतः दार लावतंय आणि आपले लोक धनत्रयोदशी म्हणून बाजारातून तेच उचलत होते.

ईटीएफच्या बाजूनं एक गोष्ट कुणी बोललं नाही. शेअर घेताना ०.१ टक्का एसटीटी (व्यवहारावरचा कर), विकताना पुन्हा ०.१. इक्विटी ईटीएफला घेताना शून्य, विकताना ०.००१. बाकी कर दोन्हींना सारखाच: वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, नंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा. सोन्या-चांदीच्या ईटीएफला ती सव्वा लाखाची सूट नाही.

तिसरं_गेट
यादी चुकली, मान्य. मुद्दा सोडत नाही. कारखाना दिसणं वेगळं आणि धंदा कळणं वेगळं. आमच्याकडं पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या कंपन्यांची कास्टिंग (ओतीव भाग) जातात. कुणाचं शेड्यूल वाढलं, कुणी ऑर्डर अर्धी केली, कोण बिल नव्वद दिवस लटकवतो, हे मला तिमाही निकालाच्या आधी कळतं. हे मुंबईतल्या फंड मॅनेजरला कुठून कळणार?

गोवावेस_हिशेबनीस
हे तू इथं लिहिलंस ते बरं, ब्रोकरच्या ग्रुपवर लिहू नकोस. ज्या कंपनीशी तुमच्या फाउंड्रीचा करार आहे तिची जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती वापरून शेअर घेतलास तर सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम तुलाही लागू शकतात. ते फक्त संचालकांसाठी नाहीत. म्हणजे तुझ्याकडचं जे ज्ञान खरोखर कामाचं, नेमकं तेच वापरायला अडचण. उरलेलं सगळ्यांना आधीच माहीत.

खानापूरकर
😄 संपला विषय.

शहापूरची_काकू
संपला कसा? शेड्यूल वापरायचं नाही. पण नव्वद दिवस बिल लटकवणारी कंपनी ताळेबंदात लपत नाही, देणी किती दिवसांची साचलीत ते त्यात दिसतं. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ लागतो, निफ्टीबीज घेणाऱ्याला तो बघायचीही गरज वाटत नाही. मी याला धंदा कळणं म्हणते. त्यावर पैसे लावू द्या की पोराला, थोडे लावू द्या.

तिसरं_गेट
काकू, तुम्हीच एकट्या माझ्या बाजूनं, त्याही अर्ध्या. असं करतो: तीन लाख इंडेक्स फंडात, एकदम नाही, सहा महिन्यांत विभागून. दहातले सात हजार निफ्टीबीजमध्ये, लिमिट ऑर्डरनं. तीन हजार माझे, कुणी विचारायचं नाही. ज्यांची कास्टिंग आमच्याकडून जातात त्यांचे शेअर घेणार नाही.

गोवावेस_हिशेबनीस
हे तीन हजार वेगळ्या डिमॅटमध्ये ठेव. विक्रीच्या वेळी आधी घेतलेलं आधी विकलं असं खात्यागणिक धरतात. एकाच खात्यात मागचं जुनं आणि नवं मिसळलंस तर कराच्या वेळी माझ्यासारख्याला फी द्यावी लागेल. आणि वर्षाअखेरीस दोन्ही खाती भावासमोर उघड. तीन हजारवालं निफ्टीच्या मागं पडलं तर काकूंना सांगायचं, मला नको.

रात्रपाळी
एका वर्षात काय कळतंय त्यातून. पाच तरी बघा.

शहापूरची_काकू
पहिला शेअर कुठला घेणार ते नंतर सांग. आधी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघड. अध्यक्षांचं भाषण आणि हसरे फोटो सोडून दे, ऑडिटरचा अहवाल वाच, मग टिपांमध्ये संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. प्रवर्तकाच्या मेहुण्याच्या कंपनीला कर्ज दिलेलं दिसलं की तिथंच बंद कर. नाव इथं टाक, मी माझ्याकडचे जुने अहवाल काढून ठेवते.