कॅन्सर आणि काम: तुम्ही कसं जमवलंत? (अनुभव धागा)

नमस्कार. मी लांज्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या श्रावणात डाव्या स्तनात गाठ लागली, ऑपरेशन झालं, मग केमो. पथ्यपाण्याचं सगळे सांगतात, डॉक्टर सांगतात, शेजारच्या काकूही सांगतात, पण नोकरीचं काय करायचं, कुणाला सांगायचं, रजा किती लागेल हे कुणीच सांगत नाही, आणि माझी झोप उडाली होती ती त्यानेच. म्हणून हा धागा. आपल्याकडे काम म्हणजे ऑफिसच असं नाही, कुणी होडीवर, कुणी बागेत, कुणी बाजारात बसतं. काम कुठलंही असो, लिहा. औषधांचे डोस मात्र इथे कुणी कुणाला सांगू नका प्लीज.

माझं आधी सांगते. दर २१ दिवसांनी केमो. पहिला आठवडा नुसतं आडवं पडून. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटायला लागलं म्हणून मी लगेच शाळेत गेले, आणि नेमक्या त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी (जंतूंशी लढणाऱ्या) खाली गेलेल्या असतात. वर्गात निम्मी पोरं शिंकत होती. तिसऱ्या दिवशी ताप, अ‍ॅडमिट. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या, तिसरा आठवडा तेवढा शाळेचा, बाकी रजा. अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस जमा होते, माझी खूप साठलेली होती, ती परिवर्तित करून घेतली (दोन अर्धपगारी गेल्या की एक दिवस पूर्ण पगारी). मेडिकल सर्टिफिकेट जोडावं लागतं. तुमच्या सेवापुस्तकात किती रजा आहे ते ऑपरेशनच्या आधीच बघून घ्या, नंतर त्या कागदांत डोकं घालायची ताकद राहत नाही.

आणि मी डावखुरी. फळ्यावर लिहायला हात वर नेला की काखेत दोरी ताणल्यासारखं व्हायचं. आता सातवीच्या मुली आळीपाळीने फळ्यावर लिहितात, मी खुर्चीत बसून सांगते. त्यांचं शुद्धलेखन सुधारलंय, खरंच.

– – –

मालवणहून लिहितेय. आई मासे विकते, ३० वर्षं बाजारात एकच जागा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. केमोत ऑक्झालीप्लॅटिन नावाचं औषध होतं. थंड पाणी प्यायचं नाही, थंड वस्तूला हात लावायचा नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं, आम्ही सगळे फ्रिजचा विचार करत बसलो, बर्फ कुणाच्या डोक्यातच आला नाही! चौथ्या दिवशी ती उठून बाजारात गेली, पेटीतली सुरमय उचलली आणि हातातून टाकलीच. "माका करंट लागलो गो." बोटं आखडलेली, सुया टोचल्यासारखं होत होतं. रबरी हातमोजे घालून बघितले, त्याच्या आत लोकरीचे घालून बघितले, नाही जमलं. मासेवालीने बर्फाला हात लावायचा नाही म्हणजे तिने करायचं काय? दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही.

शेजारी बसणाऱ्या मावशीनेच सुचवलं, "बाय, तू सुक्याचा बघ." मग सुके बांगडे, सोडे, जवळा, गोलमा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुक्याला गिऱ्हाईक असतंच, ते दोन महिने चांगले गेले. पुढे ओलं मागायला आलेलं नेहमीचं गिऱ्हाईक आई मावशीकडे पाठवायची आणि मावशी संध्याकाळी त्यातला वाटा आईच्या टोपलीत ठेवून जायची, न मागता. केमो संपून आठ महिने झाले पण बोटांची टोकं अजून बधिर आहेत, नोटा मोजताना दोन-दोन एकदम जातात, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी बाजूला बसते.

होडीवर, बर्फाच्या फॅक्टरीत, कोलंबी सोलायला जाणारं कुणी असेल तर केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना आपलं काम काय ते सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

– – –

एसटीत कंडक्टर आहे, २२ वर्षं झाली. गुटखा खायचो, गालाचा कॅन्सर झाला. परळला टाटामध्ये ऑपरेशन, नंतर सहा आठवडे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मी आणि मिसेस राहिलो. रेल्वेचं सांगतो, हॉस्पिटलकडून सही-शिक्क्याचा सवलतीचा फॉर्म घ्या, पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. मला हे तिसऱ्या फेरीला कळलं.

परत आलो तेव्हा तोंड दोन बोटंच उघडत होतं आणि शब्द नीट निघायचा नाही. कंडक्टरचं निम्मं काम आवाजाचं असतं. साहेब म्हणाले रूट करा नाहीतर रजा टाका, दोन महिने बिनपगारी घरी बसलो. मग सहकारी सोबत आले, सर्टिफिकेट जोडून लाइट ड्युटीचा अर्ज दिला, आता पासच्या खिडकीवर आहे. रोज सकाळी दातांमध्ये आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक सरकवतो, सुरुवातीला ११ जायच्या, आता १७ जातात. कॉलेजची पोरं म्हणतात काका परत सांगा, मी परत सांगतो.

– – –

लोटे एमआयडीसी. कॉन्ट्रॅक्टवर असाल तरी पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो का ते बघा. कॅन्सरला त्यात वाढीव आजारपणाचा लाभ आहे, पगाराच्या ८० टक्के, २ वर्षांपर्यंत, पण त्याआधी सलग २ वर्षं नोकरी आणि हप्ते भरलेले लागतात. माझ्या भावाला ठेकेदाराने नुसतं सांगितलं बरा झालास की ये, आणि तो चार महिने पैशाविना घरी बसला. त्याचा हक्क होता तो, अजून राग येतो मला.

– – –

गुहागरला घरून काम करतो, सॉफ्टवेअर. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. पहिले दोन महिने मॅनेजरपासून लपवलं, कॅमेरा बंद ठेवून मीटिंग करायचो, केमोमुळे शब्द आठवायचे नाहीत, सगळ्यांना वाटलं मी काम टाळतोय. सांगितल्यावर त्याने केमोनंतरचे तीन दिवस मोकळे दिले. आधीच सांगायला हवं होतं, एवढंच.

– – –

देवगड, हापूसची बाग. जठराचा कॅन्सर, केमो ऐन सीझनमध्ये आली. सीझन संपेपर्यंत थांबता येईल का विचारलं, डॉक्टर म्हणाले दोन-चार दिवस इकडे-तिकडे करू, महिने नाही. म्हणून फवारणी आणि तोडणी पुतण्याकडे दिली, मी शेडमध्ये बसून पेट्या भरून घ्यायचो.

पण झालं काय, माझी चव आणि वासच गेला. आढी (पेंढ्यात पिकत घातलेले आंबे) तयार झाली की नाही हे आम्ही नाकानेच ओळखतो, वडिलांनी तसंच शिकवलेलं. पेंढा बाजूला करायचो, आंबा नाकाला लावायचो, काहीच नाही, जसा दगड हातात. एक खेप कच्चीच गेली, वाशीहून फोन आला. त्यानंतर बायको आधी वास घ्यायची, मग मी पेटी बंद करायला सांगायचो. सगळा सीझन तिच्या नाकावर निघाला.

यंदा एप्रिलमध्ये आम्ही दोघं शेडमध्ये शिरलो. पेंढा अजून हलवला पण नव्हता. मी म्हटलं, कोपऱ्यातली तयार आहे. तिने जाऊन बघितलं, होती.