बिघडलेले एक्स्पोजर सॉफ्टवेअरने खरोखर सुधारते का?

महालकर: 'एक्स्पोजरची (फोटोत किती प्रकाश येतो याची) फार चिंता करू नका, लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सारे सुधारते' हा नवशिक्यांना काल दिलेला सल्ला मला अजिबात मान्य नाही. भर दुपारी दीक्षाभूमीचा पांढरा घुमट जास्त एक्स्पोज झाला, की जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया करून लहान केलेल्या फाइलमध्ये) तिथले पिक्सेल 255 या कमाल मूल्यावर जाऊन बसतात. मग हायलाइटचा (उजळ भागाचा) स्लायडर कितीही ओढला, तरी पांढऱ्याचे राखाडी होते, घुमटाची गोलाई काही परत येत नाही.

धरमपेठकर: तो सल्ला माझाच आहे आणि तो रॉ फाइलसाठी, म्हणजे सेन्सरची माहिती प्रक्रिया न करता ठेवणाऱ्या फाइलसाठी आहे. 8 बिटांच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला उजेडाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटांच्या रॉमध्ये 16,384. नागपुरातल्या मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत इतवारीचा अर्धा रस्ता उन्हात आणि अर्धा सावलीत असतो. तिथे मी मुद्दाम एक्स्पोजर कमी ठेवून पिवळ्या मारबतीचा रंग वाचवतो आणि सावलीतले चेहरे घरी उजळवतो. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही.

महालकर: मुद्दाम कमी ठेवणे म्हणजे चिंता करणेच झाले! तुमच्या सल्ल्यात रॉचा उल्लेखही नव्हता. शिवाय सावली फार उचलली की नॉइज (दाणेदारपणा) वर येतो, तो पुसला की चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात.

बर्डीवाली: चेहऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट लिहिते. माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो अंधारलेले आले, म्हणून छायाचित्रकाराने ते सरसकट उजळवले. हॉलची भिंत तशीच पिवळट राहिली, पैठणीचा जांभळा रंग विटला आणि माझी सावळी बहीण ओळखू येईना. अल्बम तिने कपाटातून पुन्हा काढलेला नाही.

धरमपेठकर: मीही लग्नाची कामे करतो. गोरे करून द्या, असे घरचेच सांगतात.

बर्डीवाली: आम्ही सांगितले नव्हते! स्वतःच्या आवडीचे खापर ग्राहकांवर फोडू नका.

महालकर: यांचे म्हणणे रास्त आहे. उजेड दुरुस्त करणे वेगळे आणि माणसाचा वर्ण बदलणे वेगळे.

धरमपेठकर: माझ्यावर आरोप करण्याचे कारण नव्हते. तरीही घुमटाबाबत एवढे मानतो, की लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंगांचे चॅनल कमाल मूल्यापर्यंत भरून गेले तर रॉमध्येही काही उरत नाही. सल्ल्यात 'रॉमध्ये काढा, उन्हातला भाग जपा' एवढे घालतो. त्यापलीकडे मागे येणार नाही. आणि ग्राहकाने लेखी सांगितल्याशिवाय वर्णाला हात लावणार नाही.

बर्डीवाली: लेखी सांगितले तरी लावू नये, असे माझे ठाम मत आहे.