मॉलमध्ये गोळीबार सुरू झाला आणि आपल्या कमरेला पिस्तूल असेल तर नक्की करायचं काय?

प्लॅनोचा_पाटील

मंडळी, राजकारण नकोय हे आधीच सांगून ठेवतो, बंदुका असाव्यात की नसाव्यात हा धागा नाहीये. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, सिटिझन होऊन बरीच वर्षं झाली, टेक्सासचं लायसन्स टू कॅरी (पिस्तूल सोबत बाळगायचा परवाना) आहे आणि बाहेर पडताना पिस्तूल बहुतेक वेळा सोबत असतं. मे २०२३ मध्ये ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये जे झालं, आठ जण गेले आणि त्यात आपल्याकडचीच हैदराबादची एक तरुण इंजिनिअर मुलगी होती, ती जागा आमच्या घरापासून अगदी जवळ, दिवाळीची खरेदी आम्ही तिथेच करतो. तेव्हा दुसऱ्याच कुठल्यातरी कॉलसाठी तिथे आलेला एक पोलीस होता म्हणून तो हल्लेखोर थांबला. आता बायकोचं म्हणणं असं की समजा उद्या आपण तिथे असलो, दोन्ही पोरं सोबत, आणि आवाज आला, तर तू आमच्याबरोबर पळणार की आवाजाच्या दिशेने जाणार, ते आत्ता सांग. मला धड उत्तर देता आलं नाही. क्लासमध्ये कायदा शिकवला, पिस्तुलाला मनाई करणाऱ्या पाट्या कुठल्या बघायच्या ते शिकवलं, टेस्टला पन्नास गोळ्या झाडून घेतल्या, पण हे कोणी बोललंच नाही. ज्यांनी खरंच विचार केलाय किंवा ट्रेनिंग घेतलंय त्यांनी लिहा.

टूसॉनकर_काका

पाटील, प्रश्न बरोबर विचारलात आणि वहिनींनी त्याहून बरोबर विचारला. मी इथे वीकेंडला नेमबाजीच्या रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा राहतो त्यामुळे थोडं लांबलचक लिहितोय.

पोरं सोबत असतील तर पोरं घेऊन निघायचं. विषय संपला. पिस्तूल कशासाठी, तर निघायची वाट बंद झाली आणि तो समोर येऊन उभा राहिला तर. ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये तो पळा-लपा-लढा वाला व्हिडिओ काढला, त्यात लढणं शेवटी आहे, आणि कमरेला पिस्तूल आलं म्हणून तो क्रम उलटा होत नाही.

आता आमच्या गावचीच गोष्ट. ८ जानेवारी २०११, सेफवेच्या पार्किंगमध्ये काँग्रेसवुमन गिफर्ड्स यांच्या सभेवर गोळीबार झाला, सहा माणसं गेली. शेजारच्या दुकानातून एक तरुण पळत आला, त्याच्याकडे पिस्तूल होतं, सेफ्टी काढलेली, हात खिशात. येऊन बघतो तर एका माणसाच्या हातात बंदूक. तुम्ही असता तर काय केलं असतं? तो माणूस हल्लेखोर नव्हताच, हल्लेखोराच्या हातातून बंदूक हिसकावून घेतलेला होता, खरा माणूस खाली जमिनीवर दाबून धरलेला. पोराने पिस्तूल बाहेर काढलं नाही, त्या माणसाचं मनगट धरून ओरडला की बंदूक खाली ठेव, म्हणून एक निष्पाप जीव वाचला. आणि दाबून धरणारे कोण होते तर सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त कर्नल, आणि साठीतल्या एका बाईंनी हल्लेखोराचं भरलेलं मॅगझिन ओढून घेतलं. कोणाकडेच शस्त्र नव्हतं.

दुसरी गोष्ट, एकटा दिसतो म्हणजे एकटाच असतो असं नाही. जून २०१४ मध्ये लास वेगासला एका नवराबायकोने दोन पोलिसांना मारलं आणि समोरच्या वॉलमार्टमध्ये घुसले. तिथे एक गिऱ्हाईक पिस्तूल घेऊन त्या नवऱ्याच्या मागे गेला, बायको त्याच्यासोबत आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, तिने मागून गोळी घातली. माणूस धाडसी होता यात वादच नाही. पण आपण आत गेल्या गेल्या जो दिसतो त्याच्यावरच नजर खिळते, मागे कोण आहे ते बघायला डोकं चालत नाही त्या वेळी.

इंडी_देशमुख

काका, सगळं मान्य, पण तुम्ही एकच बाजू सांगताय राव. आमच्या इंडियानात ग्रीनवुडचा मॉल, १७ जुलै २०२२. तीन माणसं गेली, आणि एका २२ वर्षांच्या पोराने, मैत्रिणीबरोबर आला होता, सुमारे चाळीस यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या, आठ लागल्या, सगळं मिळून पंधरा सेकंद. पोलीस किंवा आर्मीचं ट्रेनिंग नाही, आजोबांनी शिकवलेलं. गोळ्या झाडता झाडता मागच्या लोकांना हाताने खुणावत होता बाहेर पडा म्हणून. तो पण ‘आधी पळा’ म्हणत बसला असता तर? फूड कोर्ट रविवारी संध्याकाळी किती भरलेलं असतं मला माहितेय.

टूसॉनकर_काका

देशमुख, त्या पोराला माझा सलाम आहेच. पण चाळीस यार्ड हो! पाटलांना विचारा, टेक्सासच्या टेस्टला तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मारायचं असतं, टार्गेट हलत नाही, ते उलट गोळ्या मारत नाही, आणि १७५ गुण मिळाले की पास. रेंजवर रोज बघतो मी, टायमर लावला आणि मागे कोणी नुसतं ओरडलं तरी पास झालेल्या माणसाच्या सात यार्डांवरच्या गोळ्या कागदाच्या बाहेर जातात. मॉलमध्ये कागदाबाहेर गेलेली गोळी कुठे जाणार? मागे काचेचं दुकान, त्याच्या मागे कोणाची तरी आई. त्या पोराकडे नजरेची सरळ रेषा होती आणि समोरचा कोण यात जराही शंका नव्हती. या दोन गोष्टी असतील आणि पळायला वाव नसेल तर झाडा, आणि झाडायचंच तर अर्धवट नाही.

टेक्सासमध्येच डिसेंबर २०१९ ला व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये सहा सेकंदांत एका गोळीत माणूस पाडला गेला, पण तो पाडणारा स्वतः नेमबाजी शिकवणारा होता, चर्चच्या सुरक्षा टीमचा, आणि तो आगंतुक आल्यापासून त्यांची नजर होती त्याच्यावर. तरी दोघं गेलेच.

ॲड_मीनल

कायद्याचं थोडं. फुकटचं मत आहे, वेळ आली तर टेक्सासचाच क्रिमिनल वकील गाठा. तिसऱ्या माणसाला वाचवायला जीवघेणं बळ वापरायची मुभा पीनल कोडच्या ९.३३ मध्ये आहे. पण त्याच प्रकरणातलं ९.०५ कोणी वाचत नाही. हल्लेखोरावर गोळी झाडणं समर्थनीय असलं तरी बेदरकारपणे झाडून मधला निष्पाप माणूस जखमी केलात किंवा मारलात, तर त्या खटल्यात हे समर्थन कामी येत नाही. वरच्या काकांच्या ‘कोणाची तरी आई’ वाल्या वाक्याचं कायदेशीर भाषांतर समजा.

अजून एक, विषयाला सोडून नाही म्हणून लिहिते. इथे वाचणारे बरेच जण एच-वन-बी वर असतील. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून लायसन्सशिवाय कॅरी करता येतं हे ऐकून कोणी पिस्तूल घ्यायला जाऊ नका. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. मित्राचं पिस्तूल रेंजवर धरून फोटो टाकणाऱ्यांनी पण जरा दमानं घ्या.

सदाशिव_पेठेतून

आम्ही आपले इथून वाचतोय. पिस्तूल लांबच, आमच्याकडे जून २०२३ मध्ये भर पेठेत सकाळी एक पोरगा कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला, कितीतरी लोक बघत होते, एका एमपीएससी करणाऱ्या पोराने मोकळ्या हाताने तो कोयता अडवला. आणि ओंबळे साहेबांनी गिरगाव चौपाटीला एके-४७ ची नळी धरली तेव्हा त्यांच्याकडे लाठीच होती. हत्याराशिवाय पण होतं एवढंच म्हणायचंय.

इंडी_देशमुख

ओंबळे साहेब ड्युटीवरचे पोलीस होते हो, नाकाबंदीला उभे. ते बघ्यांच्या यादीत नका घालू. कोयत्याचं उदाहरण मात्र पटलं, हाताच्या अंतरावर असला की पिस्तूल काढेपर्यंत वेळच नसतो.

टूसॉनकर_काका

एक राहिलंच आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. गोळी झाडून झाल्यावरचं अर्धं मिनिट. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अरवाडाला एका माणसाने पोलीस मारणाऱ्या हल्लेखोराला पिस्तुलाने पाडलं, मग त्याची रायफल उचलली, बहुतेक रिकामी करायला, तेवढ्यात दुसरा पोलीस आला, त्याला दिसला रायफलवाला माणूस, आणि त्याने वाचवणाऱ्यालाच मारलं. २०१८ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या रात्री अलाबामातल्या हूवरच्या मॉलमध्ये पण हातात पिस्तूल असलेला जो तरुण पोलिसांच्या गोळीने गेला तो मूळ गोळीबार करणारा नव्हताच. तो काळा होता हेही लिहितो, आणि पाटील, तुम्हीआम्ही पण गोरे नाही.

त्यामुळे हल्लेखोराच्या हत्याराला हात लावायचा नाही, फार तर पायाने लांब सरकवा. पिस्तूल होल्स्टरमध्ये. धोका खरंच संपला नसेल तर आडोशाला जाऊन नळी खाली. वहिनींनी ९११ ला फोनवर सांगायचं, माझ्या नवऱ्याकडे पिस्तूल आहे, निळा शर्ट, चष्मा, टक्कल, तो हल्लेखोर नाही. पोलीस ओरडले की हात रिकामे, बोटं पसरलेली, आणि मान वळवायची पण अंग वळवायचं नाही. समजावत बसायचं नाही. बेड्या घालतील, घालू द्या.

सिस्टर_नेपरव्हिल

ट्रॉमात काम करते म्हणून विचारते, पाटील भाऊ, पिस्तूल रोज सोबत असतं तर टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा, दांडीने पिळायचा पट्टा) आहे का गाडीत? मांडीतून रक्त फवाऱ्यासारखं येत असेल तर माणूस काही मिनिटांत जातो, ॲम्ब्युलन्स आतच येत नाही पोलिसांनी जागा मोकळी करेपर्यंत. ‘स्टॉप द ब्लीड’चा क्लास २०१५ पासून सगळीकडे आहे, बऱ्याच ठिकाणी फुकट. जखमेच्या वर दोन-तीन इंच, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं आणि वेळ लिहून ठेवायची.

प्लॅनोचा_पाटील

सगळ्यांचे आभार. बायकोने सगळा धागा वाचला, निर्णय झाला, पोरं आधी, आणि ९११ वरचं वाक्य तिने फोनमध्ये लिहून घेतलंय, टक्कल सकट. सिस्टर, टूर्निके नाहीये. कुठला घ्यायचा? ॲमेझॉनवर दहा डॉलरला दिसतायत.

सिस्टर_नेपरव्हिल

दहावाले घेऊ नका, नकली असतात, पिळताना दांडीच मोडते. बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, तीसेक डॉलर जातील. आणि दोन घ्या, एक सरावाला. घरी एकमेकांच्या दंडावर लावून बघा, वहिनींकडूनही लावून घ्या. बरोबर लागला की चांगलाच दुखतो, दुखला म्हणून सैल करू नका.