‘नाइस’चा मूळ अर्थ मूर्ख! मग आज हा शब्द कसा वापरावा?

शब्दवेडा: ‘नाइस’ या विशेषणाचं मूळ लॅटिनमधल्या ‘नेस्कियस’मध्ये आहे. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं (‘सायन्स’ही याच धातूवरून आला). म्हणजे नेस्कियस हा अज्ञ. जुन्या फ्रेंचमधून तो साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता मूर्ख. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर यानेही तो याच अर्थाने वापरला आहे. आज चहा नाइस, हवा नाइस, शेजारी नाइस. इतकं सगळीकडे लावल्यावर शब्दात उरतं काय? शब्दाचं मूळ माहीत असावं आणि निदान लिहिताना तरी त्याचा मान राखावा, असं माझं ठाम मत आहे.

रेवा: मान राखायचा तो कुठल्या अर्थाचा? मूर्खानंतर हा शब्द चोखंदळ, नाजूक, फाजील काटेकोर असा फिरत सोळाव्या शतकात ‘अचूक, सूक्ष्म’पर्यंत आला. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात पहिलाच अर्थ बारकाईने पारख करणारा असा आहे. ‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकात रुळला.

आणि तुमची तक्रार दोनशे वर्षं जुनी आहे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ कादंबरीत नायक हेन्री टिल्नी नायिका कॅथरीनला याच शब्दावरून छेडतो. त्याच्या मते पूर्वी ‘नाइस’ नीटनेटकेपणा, औचित्य, सुसंस्कृतपणा यांसाठीच वापरत असावेत. म्हणजे ‘मूळ’ म्हणून तो जे सांगतो तो मधलाच एक मुक्काम! मूर्ख हा अर्थ त्याच्या गावीही नाही. शुद्धतेचा आग्रह धरणारे नेहमी आपल्या सोयीच्या थांब्यावर उतरतात आणि त्यालाच उगम म्हणतात.

अपर्णा मॅडम: रेवा, इतिहास बरोबर आहे, पण शब्दवेडा यांच्या तक्रारीतला गाभा तू सोडलास. मी इंग्रजी शिकवते. निबंधात ‘नाइस’ आला की खाली रेघ मारते, ती लॅटिनसाठी नव्हे. मुलाला नेमकं काय आवडलं हे त्यातून कळत नाही, म्हणून. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे सूक्ष्म भेद. कायद्याच्या लिखाणात हा प्रयोग अजून भेटतो. तो अर्थ मेला तर भाषेचं खरंच नुकसान आहे.

रेवा: मॅडम, ते पटतं. पण मूळ बघून शब्द वापरायचा तर ‘सिली’चं काय करणार? जुन्या इंग्रजीत तो सुखी, भाग्यवान होता. मग निष्पाप, मग बिचारा आणि शेवटी खुळा. ‘नाइस’च्या अगदी उलटा प्रवास. आपल्याकडे संस्कृतातली ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण, मराठीत दंड. स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हा गुन्हा होता, आपण त्यासाठी शाबासकी देतो.

शब्दवेडा: तुमचीच उदाहरणं माझ्या बाजूची आहेत! ‘शिक्षा’ एका ठसठशीत अर्थाकडून दुसऱ्या ठसठशीत अर्थाकडे गेली. ‘नाइस’ मात्र वाटेत विरघळला. बदलाला माझा विरोध नाही, या पातळ होण्याला आहे.

लीड्सकर: इथे इंग्लंडमध्ये राहून मला तो पातळ वाटत नाही. भावंडाला ढकललेल्या मुलाला आई शांतपणे म्हणते, ‘दॅट वॉजन्ट व्हेरी नाइस.’ ती चांगलीच कानउघाडणी असते आणि मुलालाही ती बरोबर कळते. कोशात शोधून हे सापडायचं नाही.

अपर्णा मॅडम: सापडणार नाही, कारण ते काम आईचा सूर करतो. कागदावर सूर नसतो. म्हणून बोलताना खुशाल म्हणा, निबंधातली रेघ मी मारतच राहणार.

रेवा: मारा, पण मुलांना या शब्दाचा सगळा प्रवासही सांगा. नुसत्या रेघेने ती शब्दाला घाबरतील.