मालक बदलताना नवीन नियुक्तीपत्र : जुनी सेवा अबाधित कशी ठेवावी?

प्रश्न

मी एका खासगी कारखान्याच्या लेखा विभागात लिपिक म्हणून कायम नोकरीत असून माझी सेवा नऊ वर्षे चार महिने झाली आहे. आमचा कारखाना कर्मचाऱ्यांसह दुसऱ्या कंपनीने विकत घेतला असून, पुढील आठवड्यात आम्हाला नवीन नियुक्तीपत्रावर सही करायची आहे. पगार तोच आहे, परंतु रुजू होण्याची तारीख नवीन आहे, आणि शेवटी "या पत्रामुळे यापूर्वीचे सर्व करार, पत्रव्यवहार व आश्वासने रद्द समजण्यात यावीत" असे कलम आहे. सोबत जुन्या कंपनीच्या नावे राजीनाम्याचा छापील नमुना दिला आहे. ग्रॅच्युइटीसह सर्व हिशेब लगेच चुकता होणार असल्याने बहुतेक सहकारी खूश आहेत. सही केल्यास माझी जुनी सेवा बुडेल का?

प्रतिसाद 1

आपले लक्ष नियुक्तीपत्राकडे आहे, पण माझ्या मते खरा धोका राजीनाम्याच्या त्या नमुन्यात आहे.

कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा, किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला छाटणी झाल्याप्रमाणे नोटीस व भरपाई मिळण्याचा हक्क आहे. भरपाईचा दर पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार असा आहे. ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-एफएफ मध्ये होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच तत्त्व आहे. भरपाई टाळायची असेल, तर सेवेत खंड पडता कामा नये, सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी फायद्याच्या नसाव्यात, आणि पुढे छाटणी झाल्यास जुनी सेवा सलग धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर असावी लागते. म्हणजे कंपनीला एक तर भरपाई द्यावी लागते, नाही तर सेवा सलग मानावी लागते. आपण स्वेच्छेने राजीनामा दिला, तर दोन्हींतून तिची सुटका होते, आणि तो नमुना सोबत का जोडला असावा हे यावरून लक्षात यावे. त्यावर सही करू नये. बदली किंवा हस्तांतरणाचे पत्र मागावे.

प्रतिसाद 2

ग्रॅच्युइटी आता मिळते म्हणून आनंद मानणाऱ्या सहकाऱ्यांना एक हिशेब जरूर दाखवा. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा मासिक पगार 26,000 रुपये मानला, तर 26 ने भागून 15 ने गुणल्यावर वर्षाला 15,000 आणि नऊ वर्षांचे 1,35,000 रुपये होतात. समजा, आपण नव्या कंपनीत चार वर्षे काम करून 39,000 पगारावर नोकरी सोडली. सेवा सलग असेल तर 13 वर्षांचे, वर्षाला 22,500 प्रमाणे, 2,92,500 रुपये मिळतील. सेवा तोडली असेल तर जुने 1,35,000 तेवढे हाती राहतील, कारण नव्या नोकरीची पाच वर्षे भरलेली नसतील. ग्रॅच्युइटी नेहमी अखेरच्या पगारावर मोजली जाते, म्हणून जुनी वर्षे जुन्या पगारात मोजून घेण्यात तोटा कर्मचाऱ्याचाच असतो.

नवे पत्र ठराविक मुदतीचे तर नाही ना, हेही पाहावे. अशा नोकरीत आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते हे खरे, पण कायम नोकरी त्यासाठी सोडण्याचे कारण नाही.

प्रतिसाद 3

भविष्य निर्वाह निधी काढू नका, नव्या खात्यात वर्ग करून घ्या. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि आपण तिच्या अगदी जवळ आहात.

आपल्या व्यवस्थापक सहकाऱ्यांसाठी एक सूचना. छाटणी भरपाईचे संरक्षण कामगारांना आहे. मात्र पदनाम काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे, याला महत्त्व असते. ग्रॅच्युइटी दोघांनाही लागू आहे. सेवाज्येष्ठता, वाढीव नोटीस काळ, कायद्याहून जास्त असलेली साठलेली रजा या गोष्टी मात्र बऱ्याच अंशी करारावर अवलंबून असतात, आणि "यापूर्वीचे सर्व रद्द" हे कलम नेमके त्यांच्यावरच आघात करते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. राजीनामा देणार नाही. परंतु छापील मसुदा कोणासाठीही बदलणार नाही, असे मनुष्यबळ विभागाने सांगितले आहे.

प्रतिसाद 1

मसुदा बदलण्याचा आग्रह धरू नका, स्वतंत्र पुरवणी पत्र मागा. त्यात एवढे वाक्य पुरेसे आहे : "कर्मचाऱ्याची पूर्वीच्या कंपनीतील मूळ रुजू तारीख हीच ग्रॅच्युइटी, रजा, सेवाज्येष्ठता, नोटीस व छाटणी भरपाई यांसह सर्व प्रयोजनांसाठी सेवेचा प्रारंभ मानली जाईल, आणि नियुक्तीपत्रातील कोणत्याही कलमामुळे यास बाध येणार नाही." शेवटचा भाग गाळू देऊ नका, कारण रद्द करणारे कलम त्यामुळेच निष्प्रभ होते. पत्रावर नियुक्तीपत्राचीच किंवा त्यानंतरची तारीख असावी आणि सही करणाऱ्याला तसा अधिकार असावा. तेही नाकारले, तर सही करण्यापूर्वी हीच मागणी ईमेलने पाठवा, आणि जुने नियुक्तीपत्र, वेतनचिठ्ठ्या व निर्वाह निधीचे पासबुक यांच्या प्रती कार्यालयाच्या संगणकावर न ठेवता स्वतःजवळ ठेवा. सगळ्यांनी मिळून एकाच पत्राची मागणी केली, तर विभागाला नकार देणे अवघड जाईल.