पावसाळ्यात शाई फुटते तेव्हा

ठाण्याच्या पावसाळ्यात पत्रातली अक्षरं फुटतात, म्हणून नवं फाउंटन पेन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. पेन राहू द्या, आधी कागद बदला. दमट हवेत कागद ओल धरतो आणि शाई तंतूंमधून पसरते. झेरॉक्सचा ७० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद तर हमखास दगा देतो. गुळगुळीत १०० जीएसएम घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निब फाइन. तळहाताखाली टीपकागद हवाच, घाम लागलेल्या जागी शाई नीट धरत नाही.

ड्रॉपरने भरायचं पेन मध्येच थेंब टाकतं, त्याचं कारण वेगळं. शाई कमी झाली की टाकीत हवा वाढते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून अर्ध्यावर आली की भरा, आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. चित्रकलेची लाख घातलेली काळी शाई मात्र या पेनात कधीही घालू नका. वाळली की फीड, म्हणजे निबखालची शाई पोचवणारी पट्टी, बुजलीच म्हणून समजा. धुवायला साधं पाणी पुरे, गरम नको.

आणि पत्र टपालात टाकण्याआधी वजन बघा. १०० जीएसएमचा ए-४ कागद सव्वासहा ग्रॅमचा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. दोन कागद आणि हलकं पाकीट त्यात बसतं, तिसऱ्या कागदाला जादा तिकीट लागतं.